व्याख्यानाला मुलं येत नाहीत, दुपारच्या मुलतानीला येतात

तुमचा प्रश्न मी असा समजले. विद्यापीठाच्या संगीत विभागात तुम्ही गेल्या वर्षी रुजू झालात आणि आल्या आल्या कार्यक्रमांची जबाबदारी तुमच्याकडे आली. महिन्याला एक मैफल आणि एक व्याख्यान. मैफलीला गावातले रसिकही येतात. व्याख्यानाला मात्र पुढच्या रांगेत शिक्षक आणि मागे सक्तीनं बसवलेली पंधरा-वीस मुलं. पैसे तुटपुंजे. तेव्हा व्याख्यानं बंद करून तेच पैसे मैफलीकडे वळवावेत, की हजेरीला गुण ठेवावेत?

दोन्ही करू नका. मी विद्यापीठात गायन शिकवून निवृत्त झाले, आणि त्यातली एकवीस वर्षं हेच काम माझ्याकडे होतं. पहिली पाच-सहा वर्षं मीही तुमच्यासारखंच केलं: पहिल्या शनिवारी मैफल, तिसऱ्या शनिवारी व्याख्यान. माझी चूक त्या दोन शनिवारांतच होती. व्याख्यानात ऐकलेलं मैफल येईपर्यंत विरून जायचं, आणि मैफलीत जे कानांवरून गेलं त्याबद्दल विचारायला कुणी सापडायचं नाही. गाणं एकीकडे आणि गाण्याबद्दलचं बोलणं दुसरीकडे, अशी वाटणी आपण कार्यालयाच्या सोयीसाठी करतो.

आपल्या परंपरेत ती तशी नव्हतीच. गुरूसमोर बसलेला शिष्य एकाच बैठकीत ऐकतो, चुकतो, विचारतो, पुन्हा ऐकतो. संस्थांनीही सुरुवातीला हेच धरून ठेवलं होतं. १९१६ साली बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयानं पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा संगीतशास्त्राचे अभ्यासक वि. ना. भातखंडे यांनी गाणारे-वाजवणारे आणि शास्त्राचे अभ्यासक एकाच मांडवाखाली आणले. मद्रासच्या म्युझिक अकादमीत डिसेंबरच्या हंगामात आजही सकाळी सप्रयोग व्याख्यान असतं आणि दुपारपासून कचेऱ्या, म्हणजे तिकडच्या मैफली, सुरू होतात. सकाळी एखाद्या रागावर ऐकलेलं संध्याकाळी पडताळून पाहता येतं. आपल्याकडे मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे १९६८ पासून पंधरा वर्षं संचालक असलेले डॉ. अशोक दा. रानडे बोलता बोलता गाऊ लागायचे. मुद्दा मांडायचा आणि लगेच गळ्यातून दाखवायचा, ही त्यांची रीत. त्यांचं व्याख्यान ऐकलेल्या कुणालाही विचारा, 'व्याख्यान' या शब्दाला कंटाळवाणेपणाचा वास यायचं काही कारण नाही हे त्याला पटलेलं असतं.

आता तुमच्या विभागाचं पाहू. माझ्या मते पहिला प्रश्न असा विचारायला हवा: गावातल्या सभागृहात जे होऊच शकत नाही असं आपल्या वर्गात काय होऊ शकतं? मोठा कलाकार आणण्यात आपण सभागृहाशी स्पर्धा करू शकत नाही, करूही नये. पण आपल्याकडे एक गोष्ट आहे जी कुठल्याही मंडळाकडे नाही, ती म्हणजे दुपार.

विचार करून बघा. तिकिटाची मैफल संध्याकाळी सहा-साडेसहाला सुरू होते. ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम आल्यापासून उघड्यावरचा ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो, सवलतीचे मोजके दिवस सोडले तर. त्यामुळे श्रोत्याच्या वाट्याला पूरिया धनाश्री, मारवा, यमन ते बागेश्रीपर्यंतचा पट्टा येतो. मध्यरात्रीचे राग अलीकडे ओढून गायले जातात, पहाटेचे एखाद्या दिवाळी पहाटेला. पण दुपारचे राग, सारंगाचे प्रकार? भीमपलास, पटदीप, मुलतानी? अभ्यासक्रमात हे सगळे आहेत, परीक्षेला मुलं ते गातात, पण त्या त्या प्रहरी, समोर बसून, पूर्ण वेळ गायलेला मुलतानी मुलांनी आयुष्यात ऐकलेला नसतो. आणि दुपारी तीन वाजता जागी असलेली, तानपुरे असलेली, शिकायला आलेल्यांनी भरलेली जागा कुठली? आपला विभाग.

मी शनिवार मोडून टाकला आणि बुधवार दुपार धरली. पहिल्या बुधवारचा मुलतानी मला अजून जसाच्या तसा आठवतो. एका ज्येष्ठ गायिकेला मी विनंती केली होती की मैफल नको, व्याख्यानही नको, मुलतानी घेऊन दोन तास बसा. पहिल्या मजल्यावरची लांबट खोली, सतरंज्या, दोन तानपुरे, माइक नाही. पंखे बंद करायला त्यांनीच सांगितलं, कारण पंख्याच्या घरघरीत तानपुऱ्याचा खर्ज बुडतो.

त्यांनी फळ्यावर तोडीचे स्वर लिहिले: रे, ग, ध कोमल, मध्यम तीव्र. शेजारी मुलतानीचे लिहिले. एक अक्षरही वेगळं नाही. मग विचारलं, "मग हे दोन राग कसे?" कुणी वादी-संवादी, म्हणजे रागातले दोन मुख्य स्वर, सांगितले. पुस्तकातलं उत्तर, बरोबरच होतं. त्या म्हणाल्या, "बरं, आता गळ्यानं सांगा." सगळ्यांकडून त्यांनी तोडीचा कोमल रिषभ लावून घेतला, त्यावर रेंगाळायला लावलं, गंधारावरून पुन्हा तिथेच यायला लावलं. मग म्हणाल्या, "आता हा रिषभ विसरा. मंद्र निषादावरून सा, आणि तिथून थेट वर." नी सा, म ग प. पहिल्या चार-पाच वेळा मुलं अडखळली, रिषभ गळ्यात घुसतच होता. मग एकदा तो गेला आणि खोलीतला रागच बदलला. त्यांनी एवढंच सांगितलं, "चाल भीमपलासाची, स्वर तोडीचे. चढताना रे आणि ध नाहीत, उतरताना फक्त शिवून जायचं."

त्यानंतर त्या चाळीस मिनिटं गायल्या. मागे भिंतीला टेकून बसलेला पहिल्या वर्षाचा एक मुलगा, उतरताना रिषभ आला की मांडीवरचं बोट हलकेच उचलत होता. प्रत्येक वेळी. एकदाही चुकला नाही. तासाभरापूर्वी त्याला हा राग तोडीसारखाच वाटला असता. तेव्हापासून माझी व्याख्यानाची कसोटी ठरून गेली: बोलणं संपल्यावर जे गाणं होतं, त्यात श्रोत्याला आधी न ऐकू येणारी एक तरी गोष्ट ऐकू आली पाहिजे.

ही कसोटी लावली की विषय आपोआप लहान होतात. 'भारतीय संगीत आणि अध्यात्म', 'घराण्यांचं सौंदर्यशास्त्र' असले विषय पाहुण्याला देऊ नका. विषय एवढा मोठा असला की विद्वान माणूससुद्धा कागद वाचू लागतो. मी एकदा असा कार्यक्रम ठेवला होता. वक्त्यांनी पासष्ट मिनिटं निबंध वाचला आणि प्रात्यक्षिकाला दहा मिनिटं उरली. साथीला बोलावलेले तबलजी तासभर मांडीवर हात ठेवून बसले होते. वातानुकूलित सभागृह, त्यामुळे तबला चढला होता. दहापैकी चार मिनिटं तो पुन्हा सुरात आणण्यात गेली. वक्त्यांचा काही दोष नव्हता. मी त्यांना विषयच तसा दिला होता, आणि वेळेची आखणी मी विचारलीच नव्हती.

त्याऐवजी असे विषय घ्या: एकच बंदिश तीन गुरूंकडून आलेली, तिचे तीन पाठ आणि मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, कसा येतो त्यातला फरक. किंवा अतिविलंबित एकतालात तबलजी काय ऐकत असतो. या दुसऱ्या विषयावर मी दर दोन वर्षांनी एक बैठक ठेवायचे, कारण गायनाची मुलं ठेका गृहीत धरतात. हिशेब मांडून दाखवला की ती चमकतात. एक मात्रा चार सेकंदांची धरली तर बारा मात्रांचं आवर्तन अठ्ठेचाळीस सेकंदांचं. वीस मिनिटांच्या विलंबितात पंचवीसच आवर्तनं, म्हणजे पंचवीसच समा. त्यातली पहिली तीन-चार स्थायी, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, भरण्यात जातात. उरलेल्या एकवीस-बावीसांत राग मांडायचा आहे. हे कळल्यावर कुठलाही विद्यार्थी आवर्तनाच्या मध्यावर उगाच हरकत घेऊन ती वाया घालवत नाही.

तबलजींना बोलतं करा हे माझं खास सांगणं आहे. आपल्या विभागांत साथसंगत करणारे कलाकार वर्षानुवर्षं रोज चार-चार वर्गांना ठेका देतात. शेकडो गळे त्यांनी ऐकलेले असतात. त्यांना कधी कुणी 'व्याख्याते' म्हणून पत्र पाठवत नाही. पाठवा. मानधन पाहुण्याइतकंच द्या.

दुसरा एक पाहुणा असा, जो सभागृहाच्या मंचावर कधीच येत नाही: वाद्य बनवणारा. मिरजेतले सतारमेकर पिढ्यानपिढ्या तानपुरे घडवतात. तिथल्या सतार-तानपुऱ्यांना २०२४मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, वर्षानुवर्षं वाळवलेलं लाकूड, सगळं मुलांनी हातात घेऊन पाहावं. पण खरी गंमत जवारीची, म्हणजे तार घोडीवर अशी बसवण्याची की स्वर घुमत उघडा व्हावा. आमच्याकडे आलेल्या कारागिरांनी आमचाच एक मुका झालेला तानपुरा मांडीवर घेतला. घोडीवर कानस दोन-चारदा फिरवली, फुंकर मारली, तार बसवली, खालचा सुताचा दोरा नखानं केसभर पुढे सरकवला. तार छेडली. नाही. दोरा किंचित मागे. पुन्हा छेडली, आणि स्वर उघडला, त्यातून वरचे स्वर झिरपायला लागले. वर्गात कुणी बोलेना. एका मुलीनं विचारलं, "आम्ही रोज याच तानपुऱ्यावर गात होतो?" त्यांनी तिला दोरा हातात दिला आणि म्हणाले, "आता तुम्ही लावा." त्या वर्षी मोबाइलमधला तानपुरा लावून रियाज करणाऱ्या चार मुलींनी विभागातले तानपुरे काढून पुसून ठेवले. मी त्यांना सांगितलं नव्हतं.

ध्वनिमुद्रिका ऐकण्याच्या बैठका तर जवळजवळ फुकट होतात. ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावतात. त्या काळच्या गवयांनी तेवढ्यात राग उभा केला, हे ऐकण्यासारखं आहे. एक बाजू तीनदा वाजवा. पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा मुलांनी फक्त समेवर हात उचलायचा. तिसऱ्यांदा, गायकानं काय काय गाळलं ते लिहायचं. जुन्या तबकड्या जमवणारी माणसं मोठ्या आनंदानं येतात. मुंबईत १९९०पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्थाच आहे. तुमच्या गावातही असा एखादा वेडा नक्की असेल, शोधून काढा.

माइकबद्दल थोडं. सत्तर-ऐंशी माणसांच्या खोलीत माइक लावू नका. लावणाऱ्याचा हात हमखास 'एको'कडे जातो, तानपुरा नाहीसा होतो आणि मुलांना वाटतं गळा असाच असतो. माइकशिवाय गायलेला आवाज कुठे गोल होतो, कुठे निमुळता होतो, श्वास कुठे घेतला जातो, हे दहा फुटांवरून कळतं. शिकणाऱ्याला यापेक्षा मोठी संधी नाही. पाहुणे कधी कधी नाराज होतात. त्यांना आधीच फोनवर सांगा, पत्रात लिहा. माझ्या अनुभवात बहुतेक जण नंतर म्हणाले, बरेच दिवसांनी स्वतःचा आवाज ऐकला.

प्रश्नोत्तरांचं दुखणं तुम्ही लिहिलं नाहीत, पण असणारच. "काही प्रश्न?" म्हटलं की शांतता. मुलांना प्रश्न नसतात असं मुळीच नाही. समोर आपले गुरुजी, त्यांच्या शेजारी विभागप्रमुख, पाहुण्याला प्रश्न विचारणं म्हणजे आगाऊपणा, हे त्यांच्या अंगात भिनलेलं असतं. ती अदब मला प्रिय आहे, मी त्याच अदबीत वाढले. म्हणून ती मोडायला न सांगता मी बसायची जागा बदलली. शिक्षक मागे, मुलं पुढे. मध्ये दहा मिनिटं चहा, आणि चहाच्या वेळी कागदाच्या चिठ्ठ्या फिरवायच्या, नावाशिवाय. पहिल्याच वेळी बावीस चिठ्ठ्या आल्या. त्यातली एक: "गुरुजी, ताना घेताना तुम्हाला भीती वाटते का?" पाहुण्यांनी त्या एका चिठ्ठीवर पंधरा मिनिटं उत्तर दिलं, आणि गाऊन दिलं.

विद्यार्थ्यांच्या मैफलीकडे येते, कारण तुमच्या पत्रात तिचा उल्लेखच नाही आणि माझ्या दृष्टीनं विभागाचं मुख्य काम तेच आहे. वार्षिक संमेलनात पाच-पाच मिनिटांचे तुकडे गाण्यानं कुणी गवई होत नाही. दर पंधरा दिवसांनी दोनच मुलं, प्रत्येकी पंचवीस मिनिटं, विलंबित आणि द्रुत दोन्ही. श्रोते म्हणून बाकीची मुलं आणि वाटल्यास घरची माणसं. त्याच दिवशी कुणीही चुका सांगायच्या नाहीत, हा नियम मी कडक ठेवला. ध्वनिमुद्रण करायचं आणि तिसऱ्या दिवशी गाणाऱ्यानं आधी एकट्यानं ऐकायचं, मग गुरूसोबत. एका मुलीनं बागेश्री गाताना सम दोनदा चुकवली. तबलजींनी सांभाळून घेतली, श्रोत्यांना पत्ताही लागला नाही. तिसऱ्या दिवशी ऐकताना तिला तो क्षण सापडला: "इथे त्यांनी माझ्यासाठी मुखडा ओळखून ठेका जरा जड केलाय." हे तिला मी सांगितलं असतं तर तिला रडू आलं असतं. तिचं तिनं ऐकलं म्हणून ती तबलजींना नमस्कार करायला गेली. पुढच्याच आठवड्यात ठेक्यावरची बैठक होती. त्या दिवशी पहिला प्रश्न तिचा होता, आणि चिठ्ठीशिवाय.

हजेरीला गुण का नकोत, त्याचं उत्तर यातच आहे. सक्ती केलीत तर अंगं येतील, कान येणार नाहीत. फार तर एवढं करा: वर्षातल्या कुठल्याही चार बैठकांवर अर्धं पान लिहून द्यायचं, 'आज मला नवं काय ऐकू आलं' एवढंच. इंटरनेटवरून उतरवता येणार नाही असा हा एकच गृहपाठ मला सापडला. तुमच्या विद्यापीठात पुण्याच्या ललित कला केंद्रासारखं गायन, नृत्य आणि नाट्य एकत्र असेल तर त्या मुलांनाही बोलवा. लयीबद्दल नृत्याची मुलं जे प्रश्न विचारतात ते आपल्या मुलांना सुचत नाहीत.

पैशांचं. एका मोठ्या मैफलीच्या खर्चात अशा चार-पाच बुधवार-बैठका होतात: मंच नाही, ध्वनिव्यवस्था नाही, फुलांची सजावट नाही, शाल-श्रीफळाचा तासभराचा समारंभ नाही. वर्षाला एक मोठी मैफल ठेवा, पण तिच्या आधीच्या बुधवारी त्याच कलाकाराच्या गायकीवर बैठक हवी. मानधन मात्र वेळेत द्या. मी एका ठिकाणी पाहुणी म्हणून गेले होते, तिथे माझ्या साथीदारांना पैसे मिळायला साडेचार महिने लागले, कारण पॅन कार्डाची प्रत आणि रद्द केलेला धनादेश कुणी आधी मागितलाच नव्हता. निमंत्रणाच्या पत्रासोबतच हे कागद मागवा, साथीदारांचेही. प्रवासखर्च त्याच दिवशी हातात देता येईल अशी उचल लेखा विभागाकडून आधी मंजूर करून घ्या. संगीतावर जगणाऱ्या माणसाला "पुढच्या महिन्यात होईल" असं सांगायला लागणं ही मला फार लाजिरवाणी गोष्ट वाटते.

आणि प्रत्येक बैठक मुद्रित करा, कलाकाराची लेखी परवानगी घेऊन. कायद्यानं सादरकर्त्याचा त्याच्या सादरीकरणावर पन्नास वर्षं हक्क असतो, तेव्हा फक्त विभागात ऐकण्यासाठी की बाहेरही, हे स्पष्ट लिहून घ्या. फाइलच्या नावात तारीख, राग, ताल, बंदिशीचे पहिले शब्द, साथीदारांची नावं आणि पट्टी. माझ्या पहिल्या सहा वर्षांच्या कॅसेटवर नुसतं 'व्याख्यान ३' असं लिहिलेलं आहे. त्यातल्या एकीवर कुणीतरी अप्रतिम शुद्ध सारंग गायलाय आणि तबला कुणाचा ते आज कुणालाच सांगता येत नाही.

तुमचं सत्र जुलैत सुरू होतं. पहिल्या बुधवारी मुलतानीच ठेवा, दुपारी तीन ते पाच. गावातलाच कुणी गाणारा चालेल, नाव मोठं नसलं तरी राग मुरलेला हवा. पावसाळ्यात तबला उतरतो, तेव्हा तबलजींना अर्धा तास आधी बोलवा. तानपुरे दोनला बाहेर काढा, त्या खोलीच्या हवेत तासभर राहू द्या, आणि लावायला पहिल्या वर्षाच्या मुलांना बसवा. सूर जमायला वेळ लागेल. पाहुणे आले तरी घाई करू नका, त्यांनाही तिथेच बसून ऐकू द्या.